पेनांगला जहाज लागलं की: मुलं आणि आजी-आजोबांसह बंदरातला एक दिवस कसा आखावा

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझ आता आपल्याकडच्या कुटुंबांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच क्रूझ मलेशियातल्या पेनांगला थांबतात आणि काही पुढे थायलंडच्या फुकेतपर्यंत जातात. जहाजावर सगळं हाताशी असतं, त्यामुळे तिथले दिवस आपोआप जातात. बंदराचा दिवस मात्र आखावा लागतो. हातात मोजके तास, डोक्यावर विषुववृत्ताजवळचं ऊन आणि जहाज कुणासाठी थांबत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. हा दिवस सकाळपासून पुढे मोजू नका, जहाज सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजा. आणि चालण्याचा वेग घरातल्या सर्वात हळू चालणाऱ्या माणसाचा धरा. या दोन गोष्टी पाळल्या तर पेनांगसारखं कुटुंबाच्या सोयीचं बंदर या भागात सापडणं कठीण.

घरी असतानाच करायची कामं

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा लागतो. पेनांगहून परत सिंगापूरला उतरता तेव्हा तो तुमचा दुसरा प्रवेश असतो, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, ते कागदावर वाचून घ्या. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे. ही सवलत मुदतवाढीवर चालते, तेव्हा निघण्यापूर्वी ती चालू असल्याची खात्री करा. मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र भरायचं का, हे क्रूझ कंपनीला बुकिंग करतानाच विचारा. सिंगापूरचं आगमनपत्र परतीच्या वेळी पुन्हा भरावं लागतं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका.

सहलीचं बुकिंग कुणाकडे करायचं, हा दुसरा प्रश्न. जहाजाकडून घेतलेली सहल महाग पडते, पण तिची बस अडकली तर जहाज थांबतं. स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर ते थांबत नाही. पेनांगचा धक्का शहराला चिकटलेला असल्यामुळे जुन्या शहरातच फिरायचं असेल तर सहल विकत घेण्याची काहीच गरज नाही. लांब जायचं असेल आणि बरोबर वयस्कर माणसं असतील तर मात्र मी पैसे मोजून जहाजाची सहल घेईन.

आदल्या रात्री: उलटा हिशोब

केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं किंवा जहाजाच्या ॲपवर दिसतं. त्यात दोन वेळा असतात, जहाज सुटण्याची आणि सगळ्यांनी परत चढण्याची. आपल्या कामाची वेळ ही दुसरी. ती सहसा सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते.

समजा, ती दुपारी साडेचारची आहे. लहान मुलं बरोबर असली की साडेतीनला धक्क्याच्या दारात पोहोचायचं. म्हणजे अडीचनंतर चालत परत येता येईल एवढ्या अंतराबाहेर असायचं नाही. जेवणाला एक तास लागतो. जहाज सकाळी आठला लागलं तरी परवानगी मिळून लोक उतरू लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातोच. हे सगळं वजा केलं की फिरायला पावणेपाच-पाच तास उरतात. त्यात एक मोठी जागा होते किंवा तीन-चार छोट्या. पाच मोठ्या जागांची यादी केलीत तर दिवस धावपळीत जाईल आणि मुलं रडकुंडीला येतील.

घड्याळाचंही बघून ठेवा. पेनांगची वेळ सिंगापूरचीच आहे, भारतापेक्षा अडीच तास पुढे. फुकेत मात्र त्याहून एक तास मागे. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि जहाजाचं घड्याळ बदललेलं असेलच असं नाही. एका मोठ्या माणसाने साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावं आणि दिवसभर सगळ्यांनी तेच प्रमाण मानावं.

त्याच पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढा आणि नंबर एका कागदावरही लिहून ठेवा. जहाज चुकलंच तर पहिला फोन त्यालाच करायचा असतो. पासपोर्ट बरोबर न्यायचे की जहाजावरच राहणार, हे प्रत्येक जहाजाचं वेगळं असतं. रिसेप्शनवर आदल्या रात्रीच विचारून घ्या.

पिशवीत काय घ्यायचं

प्रत्येकाचं जहाजाचं कार्ड, सरकारी ओळखपत्र, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, टोप्या, एक छत्री (ऊन आणि पाऊस दोन्हींसाठी), मुलांच्या कपड्यांचा एक जादा जोड, आजी-आजोबांची दुपारची औषधं आणि खांदे झाकायला एक ओढणी. देवळात आणि मशिदीत ती कामी येते. बुफेमधली केळी, उकडलेली अंडी, पोळीभाजी पिशवीत घालू नका. ताजं अन्न आणि फळं जहाजावरून बंदरात न्यायला मनाई असते. बिस्किटांचा बंद पुडा चालतो.

बाबागाडीचा विचार दोनदा करा. जॉर्ज टाउनमध्ये, म्हणजे पेनांगच्या जुन्या शहरात, दुकानांसमोर छप्पर असलेले अरुंद पदपथ आहेत. उन्हात ते फार बरे वाटतात, पण प्रत्येक दुकानाच्या दारात त्यांची पातळी बदलते. एका दुकानाची पायरी वर, पुढच्याची खाली, मध्येच उभी केलेली स्कूटर आणि कडेला उघडं गटार. बाबागाडी दर दहा पावलांवर उचलावी लागते. बाळाला अंगाशी बांधायची झोळी इथे जास्त उपयोगी.

उतरल्यावर पहिला निर्णय: टेकडी की शहर

पेनांग हिलवर जाणारी रुळांची गाडी मुलांना नक्की आवडते. १९२३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर आता वातानुकूलित डबा सुमारे दोन किलोमीटरचा तीव्र चढ काही मिनिटांत चढतो. वरती हवा चांगलीच थंड असते आणि खाली सगळं शहर, समुद्र आणि धक्क्याला लागलेलं आपलं जहाज दिसतं.

पण पायथ्याचं स्टेशन शहराबाहेर आहे. गाडीने अर्धा तास धरा, बसने त्याहून जास्त. आणि खरी अडचण उतरताना येते. वर जायची रांग सगळ्यांच्या डोक्यात असते. खाली यायलाही तशीच रांग लागते आणि तोवर तुमचा वेळ सरत आलेला असतो. म्हणून टेकडी करायची तर ती सकाळी पहिली, थेट धक्क्यावरून. दुपारी ‘वेळ उरला तर जाऊ’ असं ठरवत असाल तर टेकडी यादीतून काढूनच टाका. शनिवार-रविवार किंवा मलेशियातली सुट्टी असेल तर मी सकाळीसुद्धा जाणार नाही.

पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाने शहरच निवडावं, असं मला मनापासून वाटतं.

शहर पायी: एक तीनेक किलोमीटरचा फेरा

स्वेटनहॅम धक्क्याच्या बाहेर पडलात की टॅक्सीवाले घेरतात. हसून नाही म्हणा आणि चालू लागा. दोन-चार मिनिटांवर व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ बांधलेला पांढरा घड्याळ-मनोरा दिसतो. राणीच्या कारकिर्दीला १८९७ मध्ये ६० वर्षं झाली, म्हणून त्याची उंची ६० फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यापासून तो किंचित कललेला आहे. तो कुठल्या बाजूला कललाय हे मुलांना शोधायला सांगा.

समोरच फोर्ट कॉर्नवॉलिस. १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट इथे उतरला, त्या जागी हा किल्ला उभा आहे. ज्याचं नाव त्याला दिलं तो गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतो. तिसऱ्या म्हैसूर युद्धात पेशव्यांची फौज टिपूविरुद्ध त्याच्याच बाजूने उभी होती. लाइटचा पहिला किल्ला लाकडी मेढेकोटाचा होता. पुढे तो विटांनी बांधताना राबले ते हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी. मुलांना एवढं सांगितलं तरी त्या भिंती त्यांना वेगळ्या दिसतील. आत सावली कमी आहे, तेव्हा हे दहाच्या आत उरका. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना किल्ला म्हणून तो लहानच वाटेल. बाहेरून पाहून पुढे निघालात तरी हरकत नाही.

तिथून लेबुह पेनांग या रस्त्याने लिटल इंडियात शिरा. तमिळ गाणी, मोगऱ्याचे गजरे, मसाल्यांची पोती. आजीला इथे लगेच घरच्यासारखं वाटतं. पैसे बदलायची दुकानंही इथे आहेत. टपरीवर खायला रोख रिंगिट लागतातच, तेव्हा थोडे बदलून घ्या. लेबुह क्वीनवर १८३३ मधलं श्री महामारिअम्मन देऊळ आहे. गोपुरावरच्या रंगीत मूर्ती पाहण्यात मुलांची पंधरा मिनिटं सहज जातात. जवळच कपितान केलिंग मशीद, हीसुद्धा भारतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी उभी केलेली, आणि त्याच रस्त्यावर चिनी दयादेवी क्वान यिनचं धूपाने भरलेलं मंदिर. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून जाता येतं आणि अंगावर घ्यायला झगा तिथेच मिळतो.

पुढचा टप्पा मुलांचा. लेबुह आर्मेनियनवर चित्रकार अर्नेस्ट झाकारेविच याने २०१२ मध्ये एका भिंतीवर सायकलवरची दोन मुलं रंगवली. मुलं चित्रातली, सायकल मात्र खरी, भिंतीला टेकून ठेवलेली. फोटोसाठी इथे रांग असते. त्याहून मजा येते गल्लोगल्ली भिंतींवर लावलेली लोखंडी सळ्यांची व्यंगचित्रं शोधण्यात. त्या त्या गल्लीत कोण राहायचं, काय धंदा चालायचा, हे ती सांगतात. अशी पन्नासेक आहेत. ‘जास्त कोण शोधतं’ अशी पैज लावली की चालून पाय दुखतात ही तक्रार तासभर तरी बंद होते.

शेवटी समुद्रावर खांब रोवून बांधलेली च्यू जेट्टीची वस्ती. फळ्यांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना च्यू कुळातल्या लोकांची घरं आहेत आणि टोकाला समुद्र. माणसं तिथे राहतात, म्हणून उघड्या दारातून आत डोकावून फोटो काढू नका. फळ्यांमध्ये फटी आहेत आणि टोकाजवळ लहान मुलांचा हात सोडायचा नाही.

इथून धक्का चालत वीसेक मिनिटांवर आहे. पाय थकले असतील तर जवळच्याच फेरी जेट्टीपाशी शहरात फिरणारी मोफत ‘कॅट’ बस मिळते, नाहीतर ग्रॅब या ॲपवरून टॅक्सी बोलवा. सिंगापूरचं सिमकार्ड मलेशियात चालतं का, ते आधी पाहून ठेवा.

जेवण: शाकाहारी घरांसाठी थोडं विस्ताराने

पेनांग खाण्यासाठी प्रसिद्ध आहे, पण इथल्या भाजीच्या पदार्थातही बेलाचान असू शकतं. जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून, वाळवून केलेली ही वडी वाटणात जाते आणि ताटात दिसत नाही. रोजाक नावाच्या फळांच्या सॅलडवरसुद्धा कोळंबीचा काळा सॉस असतो. तेव्हा नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, ‘बेलाचान नको, अंडं नको’ असं स्पष्ट सांगा. लिटल इंडियात ‘सैवम’ (तमिळमध्ये शाकाहारी) म्हटलं की पुरतं. तिथे केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण मिळतं आणि ते खाऊन आजी-आजोबा खूश होतात.

दोन गोष्टी शाकाहाऱ्यांनी निर्धास्त खाव्यात. पहिली पुटू मायम: तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गूळसाखर. मालवणकडच्या शिरवळ्यांची सख्खी बहीणच. दुसरी चेंडोल: किसलेल्या बर्फावर नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक, लाल बीन्स आणि पांदानच्या पानांनी हिरव्या झालेल्या शेवया. चेंडोलच्या प्रसिद्ध गाड्या लेबुह केंग क्वी या गल्लीत, जालान पेनांगला लागून आहेत. जालान पेनांग आणि लिटल इंडियातलं लेबुह पेनांग हे वेगवेगळे रस्ते आहेत. नकाशात टाकताना नीट बघा, नाहीतर भर उन्हात उगाच पायपीट होईल.

मासे-मटण खाणाऱ्यांसाठी नासी कंदार आहे. भातावर चार-पाच रस्से एकत्र ओततात, तिखट झेपत असेल तरच मुलांना द्या.

घरी न्यायला जायफळाच्या फळाचा सुकवलेला, साखरेत मुरवलेला खाऊ घ्या. कोकणात ज्यांच्याकडे जायफळाच्या सालीचं लोणचं होतं, त्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल.

सगळ्यांनी एकत्रच राहायला हवं असं नाही

आजोबांना ऊन झेपत नसेल तर त्यांनी सकाळी दोन तास फिरून धक्क्यावर परत जावं. तिथपर्यंत एकाने सोडायला जायचं, जहाजावर दुपारचं जेवण असतंच. छोट्याला पोहायचंच असेल तर एक पालक त्याच्याबरोबर जहाजावर थांबला तरी काही बिघडत नाही, कारण बंदराच्या दिवशी तलाव रिकामे असतात. फक्त कोण कुठे आहे आणि किती वाजता केबिनमध्ये भेटायचं, हे उतरण्यापूर्वी ठरवा. जहाज धक्क्याला असताना केबिनमधल्या माणसाला फोन लागेलच, असं धरून चालू नका.

परत चढताना

दुपारी इथे गडगडाटी सर येते. ती आली की टॅक्सी मिळत नाहीत आणि रस्ते तुंबतात. आकाश भरून आलं की जिथे असाल तिथून धक्क्याच्या दिशेने निघा. धक्क्यावर सामान तपासणी असते आणि शेवटच्या तासात तिथे मोठी रांग लागते. बाटलीबंद दारू घेतली असेल तर ती जहाजावर ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात.

क्रूझ पुढे फुकेतला जाणार असेल तर संध्याकाळीच जहाजाच्या घड्याळाबद्दलची सूचना वाचा. तिथे बऱ्याचदा जहाज पातोंगच्या समोर नांगर टाकतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. बोटीत चढण्याच्या आणि परतीच्या रांगांसाठी पेनांगच्या हिशोबातून आणखी तासभर वजा करा.