वहीतले ‘हो’ आणि खात्यातले पैसे: कॅम्पस सेवेचं वर्ष घेणाऱ्यांसाठी

‘फेलोशिप मिळाली’ असं घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “महिन्याला किती देणार?” मला हसू आलं होतं. सेवेत कुणी असं विचारतं का! पुढे तोच प्रश्न रोज रात्री मी स्वतःला विचारू लागले.

तुम्ही हे वाचताय म्हणजे विद्यापीठातल्या प्रार्थना गटात जात असाल, एखादा बायबल स्टडी घेतलाही असेल, आणि आता कुणी दादा किंवा ताई म्हणाली असेल, “पदवी झाली की एक वर्ष प्रभूला दे ना.” शास्त्रपाठ कसा घ्यायचा, साक्ष कशी द्यायची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव चारचौघांत कसा सांगायचा, हे मी सांगत बसत नाही. ते येतं, नसेल येत तर येईल. मला घोटाळ्यात पाडलं ते एका शब्दाने.

आपल्या मंडळींत, म्हणजे चर्चमध्ये, फेलोशिप म्हणजे दर आठवड्याची सहभागिता. फेलोशिप म्हणजे तो गटही. आणि पदवीनंतरचं पूर्णवेळ सेवेचं एक-दोन वर्षांचं पद, त्यालाही बऱ्याच ठिकाणी फेलोशिपच म्हणतात. विद्यापीठात वावरणाऱ्याला मात्र हा शब्द ऐकला की दरमहा खात्यात पडणारी संशोधनवृत्तीच आठवते. मलाही तीच आठवली. मुलाखतीत ‘सपोर्ट’ हा शब्द तीनदा आला. मी तो ‘आम्ही तुझ्या पाठीशी आहोत’ असा ऐकला. त्याचा अर्थ होता: तुझा खर्च तू जमवायचा.

यात फसवणूक नाही, हे आधीच सांगते. पूर्णवेळ सेवकाने आपला आधार स्वतः उभा करायचा ही पद्धत जुनी आणि उघड आहे. प्रेषित पौल करिंथात तंबू शिवून पोट भरायचा, आणि फिलिप्पैच्या मंडळीने पाठवलेली मदतही घ्यायचा. येशूच्या सोबत फिरणाऱ्या स्त्रिया आपल्या पैशातून खर्च करत, असं लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. पद्धतीवर माझा राग नाही. ती मला कुणी नीट समजावली नाही आणि मीही विचारलं नाही, यावर आहे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

साधारण रचना अशी असते. संघटना तुमचं महिन्याचं एक लक्ष्य ठरवते. त्यात तुमचा निर्वाहभत्ता, प्रवास, शिबिरं, कुठे विमा आणि संघटनेच्या कार्यालयीन खर्चाचा वाटा असं सगळं मिळून येतं. तुम्ही नातेवाईक, मंडळीतले लोक, जुने मित्र यांना भेटून दरमहा किंवा एकरकमी देणगी मागता. पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. ते संघटनेच्या खात्यात तुमच्या नावापुढे जमा होतात आणि तिथून तुम्हाला भत्ता मिळतो. लक्ष्याचा ठरावीक भाग जमल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी कॅम्पसवर पाऊलच ठेवू देत नाहीत. मला ही अट जाचक वाटली होती. आता वाटतं, तीच एक अट शहाणपणाची होती. फक्त माझ्या गटात ‘जमल्या’चा अर्थ कुणी तपासत नव्हतं.

माझ्याकडे एक वही होती. नावांपुढे मी तीन खुणा करायचे: हो, बघतो, नाही. चाळीसएक लोकांना भेटल्यावर सव्वीस ‘हो’ झाले. बेरीज केली तर लक्ष्य पुरं. ताईला वही दाखवली, तिने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मी कामाला लागले. तिसऱ्या महिन्यात कार्यालयाने जमा रकमेचा तक्ता पाठवला. त्यात पंधरा नावं होती. त्यातल्या चौघांनी एकदाच दिलं होतं आणि त्यांच्या परीने वचन पुरं केलं होतं. मी ते ‘दरमहा’ धरून बसले होते! तक्त्यात न आलेले बाकीचे अकरा खोटारडे नव्हते. एकाची नोकरी गेली होती, एकीला फॉर्म भरता आला नव्हता, दोघांना वाटत होतं मी पुन्हा आठवण करेन. मी केली नाही, कारण देवाच्या कामासाठी दिलेल्या शब्दाची आठवण करून देणं मला हलकं वाटायचं. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि वर्षभर जेवायला बसलेली मी.

हे पुन्हा सांगते, कारण वाचताना सोपं वाटतं आणि करताना प्रत्येक जण इथेच घसरतो. ‘हो’ म्हणजे पैसे नव्हेत. ‘या महिन्यापासून देतो’ म्हणजेही पैसे नव्हेत. एकरकमी देणगीला वर्षाच्या महिन्यांनी भागल्याशिवाय ती मासिक बेरजेत धरू नका. पहिली रक्कम जमा झाल्याचं कार्यालयाने कळवलं की मगच नाव शाईने लिहा, तोवर पेन्सिल. आणि शब्द दिलेल्या माणसाला दहा दिवसांनी फोन करा. त्यात लाज कसली? तुम्ही त्याला त्याचंच वाक्य आठवून देताय.

भत्ता निम्म्यावर आला. मोठ्या भावाकडून उसने घेतले आणि दोन महिने कुणाला बोलले नाही. त्या काळातला एक शास्त्रपाठ आठवतो. मत्तय सहावा अध्याय, उद्याची चिंता करू नका. पहिल्या वर्षाचा एक मुलगा विचारत होता, “ताई, पण म्हणजे नियोजनही करायचं नाही का?” मी उत्तर देत होते, चांगलं देत होते, आणि शास्त्राच्या समासात पेन्सिलीने भाड्याची वजाबाकी चालली होती. ती अजून तिथे आहे.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. मला माणसं देणगीदार दिसायला लागली. शाळेतल्या मैत्रिणीला वाढदिवसाचा फोन केला तर तिने हळूच विचारलं, “नुसता वाढदिवसाचाच आहे ना?”

आता ‘विश्वासाने जगा’ म्हणणाऱ्यांबद्दल थोडं. असा एक तरी मार्गदर्शक तुम्हाला भेटेल. तो जॉर्ज म्युलरचं उदाहरण देईल: ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलं सांभाळली, कुणापुढे हात पसरला नाही. खरंच आहे. पण हाच म्युलर दर वर्षी जमाखर्चाचा अहवाल छापत असे, ते कुणी सांगत नाही. हिशेब आणि विश्वास यांचं वैर असल्यासारखं जो बोलतो त्याच्याकडून शास्त्र शिका, पैशांचा सल्ला घेऊ नका. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे खुद्द येशूच सांगतो. तयार नमुन्याची मदतपत्रंही मला आवडत नाहीत. दहा ठिकाणी तेच पत्र गेलेलं असतं आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं.

सही करण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी मागा. लक्ष्यातला भत्ता किती आणि बाकीचं काय. रक्कम कमी पडली तर तूट कोण सोसतं. वर्ष मध्येच सोडलं तर उरलेले पैसे कुठे जातात (बहुतेक वेळा संघटनेकडेच राहतात, कारण देणगी तिला दिलेली असते, आणि हे तुमच्या देणगीदारालाही आधी माहीत हवं). आजारी पडलो तर काय. सुट्टी किती. आणि वरिष्ठाबद्दलच तक्रार असेल तर कुणाकडे जायचं. या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस दुखावला, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. पूर्ण वर्ष घेणं हा एकच मार्ग नाही. बऱ्याच जणांसाठी तो पहिला मार्ग नसावा असंच माझं मत आहे. शिकता शिकता स्वयंसेवक म्हणून करण्यासारखं खूप आहे: नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या आठवड्यात मदत, परदेशातून आलेल्या मुलांना सोबत, आराधनेतलं वादन, रुग्णालयातल्या भेटी, मुलांची शिकवणी. सत्रात एकच जबाबदारी घ्या. दुसरी मागायला कुणी आलं की परीक्षेचं वेळापत्रक दाखवा. शिकवणी करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. मुलांसोबत बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही, आणि गणिताच्या बदल्यात प्रार्थनेला यायची गळ घालायची नाही. मदत आमिष झाली की मुलांना ते मोठ्यांच्या आधी कळतं.

संघटना निवडताना तिचं मूळ बघा, स्वभाव तिथून येतो. वर्ल्ड स्टुडंट ख्रिश्चन फेडरेशन १८९५ मध्ये स्वीडनमधल्या वाडस्टेनाला सुरू झाली. तिथे वेगवेगळ्या चर्चच्या लोकांनी एकत्र येणं आणि सामाजिक न्याय यांची चर्चा जास्त होते. इंटरनॅशनल फेलोशिप ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स १९४७ ची. तिचा भर विद्यार्थ्यांनी स्वतः गट चालवण्यावर आणि शास्त्राच्या बारकाईच्या अभ्यासावर. कॅम्पस क्रूसेड १९५१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर सुरू झाली, तिथे सुवार्ता सांगण्याला पहिलं स्थान. नॅव्हिगेटर्सची सुरुवात १९३३ मध्ये अमेरिकी नौसैनिकांमधून झाली. एकाने एकाला घडवायचं, बायबलमधली वचनं पाठ करायची, ही त्यांची रीत. कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी न्यूमन क्लब आहेत, पहिला १८९३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला. मी ज्या गटात होते तो यांपैकी नाही, लहानसा होता. एकास-एक पद्धत मला मनापासून आवडते, पण तिच्यातच धोकाही आहे. घडवणारी ताई तुमचे मित्र, घरचे फोन, लग्नाचा विचार यांवरही निर्णय द्यायला लागली तर ते शिष्यत्व नाही, ताबा आहे. तिथून निघा. कारण सांगत बसू नका.

काम कसं होतं, असं विचाराल तर सुरुवातीला रिकाम्या खुर्च्यांचं होतं. बुधवारी संध्याकाळी मी बारा खुर्च्या गोल मांडायचे आणि चौघे यायचे. आठ रिकाम्या खुर्च्या चौघांकडे बघत बसायच्या. दुसऱ्या गटातले एक काका एकदा आले, काही न बोलता त्यांनी सात खुर्च्या भिंतीशी रचल्या आणि म्हणाले, “येईल त्याच्यासाठी उठून खुर्ची आण. त्यालाही बरं वाटतं.” वर्षभरात मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच. सात जणांच्या वर गट कधी गेला नाही, पण सातवी मुलगी आली तेव्हा तिच्यासाठी तिघे उठले होते.

पैशांचं शेवटी मी कार्यालयात सांगितलं. ओरडा मिळेल असं वाटलं होतं. हिशेब बघणाऱ्या बाईंनी तक्ता पुढे ओढला, वहीतल्या अकरा नावांपुढे फोनच्या तारखा घातल्या आणि म्हणाल्या, “रोज दोन. तिसरा करू नकोस, आवाज रडवेला होतो.” सहा जण सुरू झाले. तूट पूर्ण भरली नाही, पण भावाचे पैसे वर्ष संपायच्या आत फेडले. दोन महिने आधी बोलले असते तर ते उसने घ्यावेच लागले नसते, हे मला आजही लागतं.

वहीत पाच नावं अजून पेन्सिलीतच आहेत. त्यांतल्या एकाने गेल्या महिन्यात, माझं वर्ष कधीच संपून गेल्यावर, पहिली रक्कम पाठवली. सोबत एका ओळीचा मेसेज: “उशीर झाला, चालेल ना?” मी कार्यालयाला कळवून ती यंदाच्या मुलीच्या नावापुढे लावली, त्यालाही तसं सांगितलं, आणि मग नाव शाईने लिहिलं.