जीएफएस२ लावताना आधी फेन्सिंग

जीएफएस२ म्हणजे क्लस्टरमधल्या अनेक सर्व्हरनी एकच डिस्क एकाच वेळी वापरायची लिनक्स फाइलसिस्टिम. फेन्सिंग, म्हणजे बिघडलेल्या नोडला (क्लस्टरमधल्या सर्व्हरला) जबरदस्तीने बंद किंवा वेगळं करणं, नीट चालत नाही तोवर तिला हातच लावू नका. नोड गप्प झाला की त्याचं फेन्सिंग पूर्ण होईपर्यंत डीएलएम (सगळ्या नोडमधले लॉक सांभाळणारी यंत्रणा) लॉक अडवून धरतं. फेन्सिंगच नसेल तर सगळ्याच नोडवर माउंट लटकतं. पेसमेकरमध्ये (क्लस्टरमधल्या सेवा सांभाळणारं सॉफ्टवेअर) नो-कोरम-पॉलिसी, म्हणजे कोरम (नोडचं बहुमत) गेल्यावर काय करायचं ते, ‘फ्रीझ’ ठेवा. ‘स्टॉप’ असेल तर कोरम गेल्यावर धड अनमाउंटही होत नाही.

फॉरमॅट करताना लॉक टेबल ‘क्लस्टर:फाइलसिस्टिम’ असं द्या. क्लस्टरचं नाव कोरोसिंकमधल्या (नोडना एकमेकांशी जोडणारं सॉफ्टवेअर) नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, नाहीतर माउंट होणार नाही. प्रत्येक नोडला एक जर्नल (बदलांची आधी नोंद ठेवायची जागा) लागतं, म्हणजे ३ नोडना ३. एखादं जास्तच ठेवलेलं बरं. नंतर वाढवता येतं, पण फाइलसिस्टिममध्ये जागा शिल्लक हवी. माउंटला ‘नोएटाइम’ (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणारा पर्याय) लावा, नाहीतर नुसत्या वाचण्यानेही लॉकची ओढाताण वाढते.