इंकजेटचं हेड चोक झालंय? सफाईत आणि नव्या खरेदीत या चुका टाळा

महिना-दीड महिना प्रिंटरला कुणी हात लावलेला नसतो. अचानक एखादा फॉर्म छापायची वेळ येते आणि कागद बाहेर येतो तो पांढऱ्या आडव्या पट्ट्यांसकट, नाहीतर काळा रंगच गायब. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘हेड क्लिनिंग’, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाची सफाई, दाबलं जातं, पुन्हा दाबलं जातं, पुन्हा. शाई संपते, पट्ट्या तशाच राहतात. शेवटी वैतागून त्याच जातकुळीचा दुसरा प्रिंटर घरी येतो आणि काही महिन्यांनी त्याचीही तीच गत होते. यातलं बरंचसं नुकसान टाळता येतं. मशीन खराब निघालं असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा ते नुसतं पडून राहिलेलं असतं, आणि इंकजेटला पडून राहणं सोसत नाही.

याचं कारण शाईतच आहे. घरगुती इंकजेटची शाई मुख्यतः पाण्याची असते. त्यात रंग आणि शाई लवकर वाळू नये म्हणून ग्लायकॉलसारखे पदार्थ मिसळलेले असतात. ती ज्या नोझलमधून बाहेर पडते ती छिद्रं माणसाच्या केसापेक्षाही बारीक असतात. पाणी उडून गेलं की मागे उरलेला घट्ट थर छिद्र बुजवतो. पिग्मेंट शाईत रंगाचे घन कण असतात, त्यामुळे ती जास्त त्रास देते. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिग्मेंटची असते आणि बाकीचे रंग डायचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाचे, म्हणून काळा आधी रुसलेला दिसतो.

भिंतीवरच्या बटणाने प्रिंटर बंद करणं

छपाई संपली की हेड एका टोकाला जाऊन रबराच्या छोट्या टोपीवर बसतं. शाईच्या पेनाला टोपण लावावं, तसंच हे. प्रिंटरवरचं पॉवर बटण दाबलं तर हेड नीट जागेवर बसतं आणि मगच मशीन बंद होतं. काम चालू असताना किंवा संपल्या संपल्या भिंतीवरचं बटण बंद केलं, तर हेड वाटेतच उघडं राहतं आणि वाळायला लागतं. म्हणून आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत धीर, आणि मग हवं तर भिंतीवरचं. मात्र रोज बंद-चालू करायची गरज नाही. कित्येक मॉडेल वीज मिळाली की दर वेळी थोडी शाई ओढून स्वतःची सफाई करतात. स्टँडबायवर ठेवलेलं बरं.

नोझल चेक न बघता सफाई करणं

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते. प्रत्येक इंकजेटच्या मेंटेनन्स मेनूत ‘नोझल चेक’ किंवा चाचणी पान असतं. त्याला अगदी थोडी शाई लागते आणि ते बरंच काही सांगतं. रेषा एकाच ठिकाणी तुटलेल्या असतील आणि पुढच्या चाचणीतही तिथेच तुटल्या, तर ती नोझल खरोखर बुजली आहेत. तुटलेली जागा दर वेळी बदलत असेल, तर शाईच्या वाटेत हवा शिरली आहे. सफाई करत बसण्यापेक्षा प्रिंटर रात्रभर तसाच राहू द्या. एक रंग पूर्णच नाहीसा झाला असेल, तर आधी कार्ट्रिज तपासा: शाई आहे का, नव्या कार्ट्रिजवरची पिवळी किंवा केशरी चिकटपट्टी काढली आहे का, ते खटकन बसलं आहे का. आणि रेषा अखंड असूनही अक्षरं दुहेरी दिसत असतील, तर हेड चोक झालेलं नाही, अलाइनमेंट (हेडची जुळवणी) बिघडली आहे. त्यासाठी मेनूत वेगळा पर्याय असतो.

पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेषा डोळ्यांना नीट दिसत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावर गडद निळा रंग लावून त्याच्या उजेडात पान धरा, पिवळं काळपट दिसू लागतं.

क्लिनिंगवर क्लिनिंग

क्लिनिंगमध्ये पंप हेडमधून शाई खेचतो आणि ती मशीनच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. म्हणजे दर वेळी कार्ट्रिजही रिकामं होतं आणि पॅडही भरतं. पॅड भरल्याची नोंद झाली की काही प्रिंटर काम करायलाच नकार देतात. शिवाय लागोपाठ ओढल्याने शाईत फुगे येऊन स्थिती आणखी बिघडू शकते. दोन, फार तर तीन वेळा क्लिनिंग करा, प्रत्येक वेळी मध्ये नोझल चेक घ्या, आणि फरक नसेल तर प्रिंटर किमान बारा तास तसाच ठेवा. ओल्या शाईने वाळलेला थर मऊ पडायला वेळ लागतो. सकाळी पुन्हा एकदा करून बघा. ‘पॉवर क्लिनिंग’ किंवा ‘डीप क्लिनिंग’ शाईचा मोठा घोट घेतं, त्याला शेवटपर्यंत हात लावू नका.

तेवढ्यात काही छापायची निकड असेल आणि फक्त काळाच बंद असेल, तर मजकुराचा रंग गडद निळा करून छापा. काही प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार ‘फोटो पेपर’ निवडला की काळा रंग बाकीच्या रंगांच्या मिश्रणातून तयार होतो. वेळ निभावते.

हाताने साफ करताना

आधी आपलं हेड कुठे आहे ते बघा. एचपीच्या बऱ्याच छोट्या प्रिंटरमध्ये आणि कॅननच्या काही मॉडेलमध्ये हेड कार्ट्रिजवरच असतं: तळाशी चकचकीत पट्टी आणि पाठीमागे तांब्याचे ठिपके. अशा वेळी काम सोपं आहे. कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेल्या, दुमडलेल्या किचन पेपरवर ते कार्ट्रिज नोझल खाली करून काही मिनिटं ठेवा, मग कोरड्या कागदावर हलकेच टेकवा. शाईचा डाग स्वच्छ उमटला की झालं. घासू नका आणि ठिपके ओले राहू देऊ नका. हेही चाललं नाही तर नवं कार्ट्रिज म्हणजे नवं हेडच.

एप्सन आणि ब्रदरमध्ये हेड मशीनमध्येच कायमचं बसवलेलं असतं. तिथे कार्ट्रिज बदलण्याच्या पर्यायाने हेड मधे आणा, मग प्लग काढा. हेड जागेवर कुलूपबंद असताना हाताने ओढू नका. त्याखाली ओलसर किचन पेपरची घडी सरकवून काही तास ठेवता येते. पण त्याआधी ती रबराची टोपी बघा, कारण बहुतेक लोक तिच्याकडे वळूनही बघत नाहीत. तिच्या कडेला वाळलेली शाई साचली असेल तर ती हेडला घट्ट बसत नाही, पंपाला ओढ मिळत नाही, आणि मग कितीही क्लिनिंग केलं तरी उपयोग शून्य. धागे न सुटणाऱ्या ओल्या कापडाने कड पुसा, आतल्या स्पंजवर डिस्टिल्ड पाण्याचे काही थेंब टाका. कितीतरी ‘मेलेली’ हेड एवढ्यानेच शुद्धीवर येतात.

नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मागे राहतात. सुई किंवा टाचणी तर नकोच. कापसाचे तंतू नोझलमध्ये अडकतात. स्पिरिटने काही शाया गोठतात आणि हेडच्या जोडणीलाही इजा होऊ शकते. सिरिंजने जोरात पाणी मारलं तर हेड आतून फाटू शकतं.

रिकाम्या कार्ट्रिजवर छपाई रेटणंही घातक आहे. एचपी आणि कॅननच्या हेडमध्ये शाई तापवून तिचा बुडबुडा केला जातो. शाईच नसेल तर तो तापणारा भाग जळतो.

किती वेळ झगडायचं?

माझं मत: तीन क्लिनिंग, एक रात्र विश्रांती, एकदा हाताने सफाई. एवढ्यावर रेषा जोडल्या गेल्या नाहीत आणि हेड बदलता येत नसेल, तर आणखी शाई ओतू नका. प्रिंटर सावरला, तर मात्र आठवड्या-पंधरा दिवसांनी एकदा नोझल चेक छापायची आठवण फोनमध्ये लावा. फक्त काळी पानं छापत राहिलात तर रंगांची नोझल वाळतात. चाचणी पानात सगळे रंग वाहते राहतात.

नवा घेताना

महिन्याला दहा-वीस पानं छापणाऱ्याने दर पानाचा कमी खर्च बघून इंक टँक (कार्ट्रिजऐवजी बाटलीने भरायच्या टाक्यांचा प्रिंटर) घेणं ही आजची सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. टँकचा फायदा रोज छापणाऱ्याला. तुमच्याकडे तीच शाई वर्षानुवर्षं टाकीत आणि नळ्यांत पडून राहील. शिवाय खोक्यावरचा पानांचा आकडा सलग छपाई करून मोजलेला असतो. अधूनमधून छापणाऱ्याच्या सफाईत जाणारी शाई त्यात धरलेली नसते. तरीही टँकच हवा असेल, तर हेड स्वतः बदलता येईल असंच मॉडेल बघा.

मजकूरच छापायचा असेल तर काळा-पांढरा लेसर घ्या, मी दुसरं काही सुचवणार नाही. टोनर ही कोरडी भुकटी असते, सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानात ती कागदावर वितळून चिकटते. सहा महिने बंद राहिला तरी वाळायला त्यात काही नाही. घेताना सोबतचं कार्ट्रिज पूर्ण भरलेलं आहे की कमी पानांचं ‘स्टार्टर’, ड्रम (टोनर कागदावर उतरवणारा नळा) वेगळा बदलावा लागतो का, आणि फोनवरून छापण्यासाठी एअरप्रिंट किंवा मोप्रिया आहे का, एवढं विचारा. वायफाय कित्येकदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं, राउटरवर ते चालू ठेवा. लेसर तापताना क्षणभर खूप वीज ओढतो, म्हणून तो कॉम्प्युटरच्या यूपीएसला जोडू नका.

रंगीत लेसर जड असतो, चार टोनर लागतात, आणि फोटो त्यावर फिकेच येतात. वर्षाकाठी थोडेसे फोटो हवे असतील तर ते फोटो स्टुडिओत छापून घ्या. घरीच हवेत तर कॅननच्या ‘सेल्फी’ (Selphy) मॉडेलसारखा डाय-सब्लिमेशन प्रिंटर आहे: त्यात शाई नाही, रिबन असते, ती वाळत नाही. प्रिंट छोटी येते, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

दर महिन्याची शाईची वर्गणी घेताना अटी वाचा. एचपीच्या इन्स्टंट इंक योजनेतली कार्ट्रिज वर्गणी थांबवली की शाई शिल्लक असली तरी चालत नाहीत.

लेसर घरी आला की इंकजेटसाठी घेतलेले चकचकीत फोटो पेपर आणि पारदर्शक शीट त्याच्या ट्रेपासून लांब ठेवा. आतल्या उष्णतेने त्यांचा थर वितळून रोलरला चिकटतो. आणि जुन्या ऑल-इन-वनचा स्कॅनर चालतो का ते बघूनच तो ई-कचऱ्यात द्या. काही मशीन शाई संपल्यावरही स्कॅन करतात, काही करत नाहीत.