वर्गात धर्म आणि सण शिकवताना या चुका टाळा

मराठी शाळेच्या चौथीच्या वर्गात एक तक्ता बऱ्याचदा दिसतो. चार रकाने : धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. मीही तो कार्डशीटवर केला होता, शीर्षकाला चमकी लावून. निम्मा घोळ त्या तक्त्यातच आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

'संस्थापक' हा रकानाच घ्या. हिंदू धर्मापुढे रेघ मारतो. जैन धर्मापुढे बिनदिक्कत 'महावीर' लिहितो. पण जैन परंपरेत महावीर हे चोविसावे तीर्थंकर, पहिले ऋषभदेव. आजीसोबत देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, जाणारं पोर हे जाणून असतं आणि बाईंना विचारायचं कसं म्हणून गप्प बसतं. इस्लामपुढे मुहंमद पैगंबरांचं नाव येतं, पण मुस्लीम घरात त्यांना शेवटचे प्रेषित मानतात. त्यांच्या आधी आदम, इब्राहीम, मूसा, ईसा होऊन गेले. त्यात कोणी 'प्रत्येक संस्थापकाचं चित्र काढून आणा' असा गृहपाठ दिला की संपलंच. पैगंबरांचं चित्र काढणं बहुतेक मुस्लीम निषिद्ध मानतात. हा गृहपाठ कधीही देऊ नका. आणि वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवणाऱ्या आदिवासी पाड्यावरच्या मुलाने स्वतःला कुठल्या रकान्यात शोधायचं?

तक्ता काढून टाका. त्याऐवजी 'आमच्या घरी' असं एक पान करायला द्या : सणाला काय शिजतं, कोण पाहुणे येतात, कुठे जातो. ज्याला लिहायचं नाही त्याने आजोळाबद्दल लिहावं.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र पाटीपूजनाची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिसरीच्या वर्गात सगळे पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढत होते. एक मुलगी पाटी पालथी घालून बसलेली. म्हणाली, "बाई, आमच्यात नाही काढत. आम्ही उद्या नागपूरला जाणार." मी म्हटलं, "काढ गं, चित्रच तर आहे." तिने काढली. शाळा सुटायच्या आत बाहीने पुसूनही टाकली, कोपरे नीट चोळून. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस विजयादशमीचा होता, हे मी त्याच आठवड्यात परिपाठात दिनविशेष म्हणून वाचून दाखवणार होते. ते माहीत असून वर्गातल्या पोरीशी जोडता आलं नाही, याची लाज आजही वाटते.

इथे कायदाही साफ आहे. संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. पण म्हणून धर्माचं नावच काढायचं नाही असं नव्हे. अरुणा रॉय खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी माहिती देणं आणि धर्माची शिकवण देणं यांत फरक केला. व्यवहारात मी एवढंच बघते : मूल पाहतंय, ऐकतंय, विचारतंय तोवर ठीक. हात जोडायला, आरती म्हणायला, प्रसाद घ्यायला लावलं की आपण हद्द ओलांडली.

फळ्यावरच्या शुभेच्छा हा आणखी एक खड्डा. 'मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा', 'गुड फ्रायडेच्या शुभेच्छा' मी दोन्ही पाहिलंय. एक दिवस करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसेन यांच्या शोकाचा, दुसरा येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूचा. नुसतं 'आज मोहरम' लिहा आणि गावात ताबूत कोण उचलतं ते विचारा. कित्येक गावांत तो मान हिंदू घरांकडे आहे, आणि पोरांना ते आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तशीच एक सवय : वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लीम मुलीला उभं करून "तू सांग गं ईदबद्दल." कोट्यवधी लोकांच्या वतीने बोलायला आठ वर्षांचं पोर लावायचं! त्यात तिला रमजान ईद आणि बकरी ईद यांतला फरक सांगता आला नाही तर सगळे हसतात. आपल्याला तरी वटपौर्णिमेची कथा धड सांगता येते का? माहिती शिक्षकाने सांगावी. मुलीला आपणहून भर घालायची असेल तर हात वर करील. 'आपले सण' आणि 'त्यांचे सण' हे शब्दही सोडा. एका वाक्यात अर्धा वर्ग परका होतो.

धडा कंटाळवाणा होत असेल तर कॅलेंडर काढा. २९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या. का? चंद्रावर चालणारं वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. मराठी पंचांगही चंद्र बघतं, पण सुमारे तीन वर्षांनी अधिक मास घालून ऋतूंशी मेळ जमवतं, म्हणून आषाढी पावसाळा सोडत नाही. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, हे सांगितल्यावर माझ्या वर्गातली पोरं बोटं मोजत बसली. गणित, परिसर अभ्यास आणि धर्म, तिन्ही एकाच तासात.

"आमचा देव मोठा" असं भांडण झालं तर निवाडा करू नका. 'तुझ्या घरी असं मानतात, त्याच्या घरी तसं' एवढं म्हणून पुढे जा. कोणी "देव नसतोच" म्हणालं तर त्यालाही हेच वाक्य. कोण काय खातं यावरून चिडवाचिडवी झाली तर मात्र तास थांबवा आणि चिडवणाऱ्याशी बाजूला बोला, सगळ्यांसमोर नको.

आणि पालक तावातावाने आले की आधी बसायला खुर्ची द्या. "आमच्या पोराला हे का शिकवता?" या प्रश्नावर कलम सांगायला लागलात तर वाद वाढतो. मुलाची वही उघडून दाखवा. माझ्याकडे आलेल्या एका बाबांनी पानं उलटली, मुलाने लिहिलेला शिरखुर्म्याचा अन् पुरणपोळीचा मजकूर वाचला, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "अक्षर सुधारा याचं."