जुन्या गाडीचा भाव ठरवताना या चुका टाळा : विक्रीची पद्धत आणि लीजचा हिशेब

"ऑन-रोड चौदा लाखांना पडली आहे, जेमतेम तीन वर्षे झाली, दहाच्या खाली देणार नाही." मुंबईत जुनी गाडी बघायला निघालेल्या बहुतेकांना हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागते. त्यातील प्रत्येक आकडा खरा असू शकतो आणि तरीही मागितलेली किंमत चुकीची असू शकते. विकणाऱ्याच्या खिशातून किती गेले, यावर जुन्या गाडीचा भाव ठरत नसतो. तीच गाडी आज नवी घेतली तर सूट वजा जाता प्रत्यक्षात किती रुपयांना मिळते आणि तिच्यासारख्या किती गाड्या एकाच वेळी विक्रीला आल्या आहेत, या दोन गोष्टींवर तो ठरतो. या दोन्ही गोष्टी नवी गाडी कोणत्या पद्धतीने विकली जाते याच्याशी बांधलेल्या असतात, आणि नेमके हेच घेणारा व विकणारा दोघेही विचारात घेत नाहीत.

ऑन-रोड रकमेवरून उलटे गणित मांडणे

ऑन-रोड रकमेत एक्स-शोरूम किमतीशिवाय रस्ता कर, पहिल्या वर्षाचा विमा, वाढीव वॉरंटी आणि शोरूमने गळ्यात मारलेली सीट कव्हरे, असे बरेच काही असते. विमा केव्हाच संपलेला असतो आणि सीट कव्हरांचे पैसे कोणीही परत देत नाही. रस्ता कर मात्र महाराष्ट्रात एकरकमी भरला जात असल्याने गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. येथेही एक खाच आहे. वैयक्तिक नावावरील पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के कर पडतो, तर कंपनीच्या नावावरील गाडीवर २० टक्के. बारा लाखांच्या गाडीवर हा फरक ९६ हजार रुपयांचा होतो. कंपनीच्या नावावरील गाडी विकणारा तो फरक किमतीत धरून मागतो; पण घेणारी व्यक्ती स्वतःच्या नावावर तीच गाडी नवी घेताना १२ टक्केच भरणार असेल, तर हे जादा ९६ हजार तिने का द्यावेत?

याहून मोठी चूक सवलतीच्या बाबतीत होते. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत कंपनी गाड्या डीलरला विकते आणि डीलर त्या बँकेच्या कर्जावर आपल्या आवारात उभ्या करतो. गाडी जितके दिवस उभी राहील तितके व्याज चढत जाते. २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर डीलरांकडील साठा ८० ते ८५ दिवसांचा झाल्याचे डीलरांच्या फाडा या महासंघाने सांगितले होते. साठा असा तुंबला की सूट वाढते, आणि नव्या गाडीवर लाखभर सूट मिळू लागली की त्याच मॉडेलची वर्षभर वापरलेली गाडी आपोआप तेवढ्याने उतरते. कंपनीच्या संकेतस्थळावरची किंमत मात्र जागची हललेली नसते. म्हणून जुन्या गाडीची बोलणी करण्याआधी दोन शोरूमना फोन करून, आज गाडी घेतली तर सगळी सूट धरून किती पडेल, हे विचारावे. दहा मिनिटांचे काम आहे, पण ते करणारे फार थोडे.

डिसेंबरात घेतलेल्या गाडीबाबत आणखी एक विसर पडतो. वर्ष संपताना मिळालेली सूट ही उत्पादनाचे वर्ष जुने होणार म्हणून मिळालेली असते. विकताना बाजार नोंदणीच्या तारखेबरोबर उत्पादनाचे वर्षही बघतो आणि ती सूट तुमच्याकडून परत वसूल करतो.

कर बदलला तर सगळा ताळाच बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी, उपकरासह २९ टक्के होता, तो १८ टक्के झाला. आधी एक्स-शोरूम आठ लाखांना मिळणारी गाडी, कंपनीने पूर्ण कपात पुढे दिली तर, सुमारे ७ लाख ३२ हजारांवर येते. त्यापूर्वी गाडी घेतलेल्या माणसाने जुने बिल पुढे करून भाव मागणे म्हणजे ६८ हजारांचा तोटा समोरच्यावर ढकलणे होय. समोरच्याला हिशेब येत असेल, तर तो ढकलून घेत नाही.

लीजच्या गाडीची किंमत एका वाक्यात ठरवून टाकणे

"लीजची गाडी आहे, म्हणजे घासून घासून वापरलेली असणार," असे एक जण म्हणतो. "कंपनीची गाडी आहे, म्हणजे सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेले असणार," असे दुसरा म्हणतो. दोघेही गाडी न पाहताच बोलत असतात. लीज म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दरमहा भाडे देऊन गाडी वापरणे; मुदत संपली की ती परत करायची किंवा विकत घ्यायची. लीजचा किमतीवर नेमका काय परिणाम होतो हे कळण्यासाठी भाडे कसे ठरते ते पाहावे लागेल.

समजा, बारा लाखांची गाडी ३६ महिन्यांच्या लीजवर दिली. मुदत संपताना तिची किंमत साडेपाच लाख उरेल असे करारात धरले. व्यवहारात या आकड्याला रेसिड्युअल व्हॅल्यू म्हणतात. मग साडेसहा लाख ३६ महिन्यांत वसूल करायचे, म्हणजे व्याज आणि कर सोडून महिन्याला सुमारे १८ हजार. तोच आकडा साडेचार लाख धरला, तर हप्ता २० हजार ८०० च्या वर जातो. म्हणजे मुदतअखेरची किंमत फुगवून धरली की भाडे स्वस्त दिसते. गाडी खपवण्याची घाई असलेल्या कंपन्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो, आणि तीन वर्षांनी गाड्या परत आल्या की तो फुगा फुटतो.

त्यामुळे कंपनीच्या लीजवर गाडी वापरणाऱ्या नोकरदाराची नेहमीची चूक अशी, की करारातील हा आकडा तो बाजारभाव समजतो. तो अंदाज तीन वर्षांपूर्वी बांधलेला असतो. करारात पाच लाख लिहिले असतील आणि बाजारात तशा गाडीला सहा लाख मिळत असतील, तर गाडी विकत घ्यावी. बाजार सव्वाचारचा असेल, तर करारात सोय असल्यास ती निमूट परत करावी. "सवयीची झाली आहे" ही भावना खरी असली, तरी तिची किंमत पाऊण लाख आहे हे सही करण्याआधी ठाऊक असावे.

लीजचा दुसरा परिणाम लाटेसारखा येतो. अमेरिकेत लीजचा वाटा मोठा आहे आणि तीन वर्षांची मुदत सर्रास दिसते. २०२१-२२ मध्ये चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात, लीजही घटले. परिणामी तीन वर्षांनी परत येणाऱ्या गाड्या कमी पडल्या आणि कमी वापरलेल्या गाड्यांचे भाव तेथे टिकून राहिले. आपल्याकडे लीजचे प्रमाण अजून अगदीच थोडे असल्याने संपूर्ण बाजार असा हलत नाही. पण ठरावीक मॉडेलांपुरता तो हलतो. वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, अंधेरीची एमआयडीसी या भागांतील एखाद्या मोठ्या कार्यालयाने एकाच मॉडेलच्या पन्नास गाड्या एकदम सोडल्या, की त्या लिलावातून उपनगरांतील डीलरांकडे येतात आणि काही आठवडे त्या मॉडेलचा भाव दबतो. एकाच रंगाच्या, एकाच वर्षाच्या आणि एकाच श्रेणीच्या अनेक गाड्या एकदम दिसू लागल्या, तर विकणाऱ्याने शक्य असल्यास थांबावे आणि घेणाऱ्याने घासाघीस करावी.

गाडीच्या तब्येतीबद्दल बोलायचे, तर लीजच्या करारात किलोमीटरची मर्यादा असते आणि तिच्यावर गेल्यास जादा पैसे पडतात. याचा चांगला अर्थ असा की रनिंग मर्यादेत राहते. वाईट अर्थ असा की मीटर मागे फिरवण्याचा मोहही येथेच होतो. मीटरवरचा आकडा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी ताडून पाहिल्याशिवाय "कमी चाललेली" या शब्दाला एक रुपयाही जादा देऊ नये. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. अशी गाडी नंतर खासगी करून विकली गेली असेल, तर तो इतिहास आर. सी.च्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, नोंदींत सापडतो आणि त्यासाठी भाव खाली यायलाच हवा.

डीलर नसलेल्या विक्रीचा विचार न करणे

काही कंपन्यांनी डीलरकडे साठा ठेवण्याची पद्धतच सोडली आहे. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात गाड्यांची मालकी स्वतःकडे ठेवून थेट ग्राहकाला एकाच किमतीत विक्री सुरू केली. शोरूम उरले ते फक्त प्रतिनिधी म्हणून. घासाघीस संपली की दोन शेजाऱ्यांनी एकच गाडी वेगवेगळ्या किमतीला घेतल्याचा प्रकारही संपतो आणि जुन्या गाडीचा भाव काढायला एक पक्का आधार मिळतो. ही झाली चांगली बाजू.

थेट विक्रीची दुसरी बाजू टेस्लाने दाखवली. मध्ये डीलर नसल्याने कंपनी एका रात्रीत किंमत बदलू शकते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत टेस्लाने काही मॉडेलांच्या किमती २० टक्क्यांपर्यंत उतरवल्या, आणि रस्त्यावर असलेल्या सगळ्या टेस्लांचे मोल त्याच दिवशी घसरले. २०२१ मध्ये एक लाख टेस्लांची मागणी नोंदवल्याचा गाजावाजा करणाऱ्या हर्ट्झ या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २० हजार इलेक्ट्रिक गाड्या विकायला काढल्या आणि त्यापोटी २४.५ कोटी डॉलरचा घसारा दाखवला. त्या २० हजार गाड्या जुन्या बाजारात उतरल्या, तेव्हा भावाचे आणखी काय झाले असेल, ते सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले तेही थेट विक्रीचेच. अशा गाडीचा तीन वर्षांनंतरचा भाव आज छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बॅटरी कोणाची, हे न विचारणे

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीची विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी ९ लाख ९९ हजारांना जाहीर झाली, ती बॅटरी वगळून. बॅटरीचे भाडे तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये होते. बॅटरीसह घेतलेली विंडसर आणि भाड्याच्या बॅटरीची विंडसर दिसायला सारखीच असते, भाव मात्र सारखा असू शकत नाही. जुनी घेताना बॅटरीचा करार कोणाच्या नावावर आहे, तो आपल्या नावावर होतो का आणि दरमहा किमान किती किलोमीटरचे भाडे द्यावे लागते, हे लेखी घेतल्याखेरीज टोकनही देऊ नये. कंपनीने दिलेल्या खात्रीशीर बायबॅकचेही, म्हणजे किमतीच्या ठरावीक टक्क्यांना गाडी परत घेण्याच्या हमीचेही, तसेच आहे. तो टक्का एक्स-शोरूम किमतीवर की ऑन-रोड किमतीवर, आणि पहिल्या मालकापुरता की पुढेही लागू, हे बारीक अक्षरांत दडलेले असते.

काही किरकोळ, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

विम्यातील आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती, बाजारभाव नव्हे. तो ठरावीक कोष्टकाने उतरतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घट, मग गाडीला बाजारात मागणी असो वा नसो. बीएच मालिकेच्या (भारतभर चालणाऱ्या नोंदणीच्या) गाडीचा रस्ता कर दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो, तेव्हा तिची तुलना एकरकमी कर भरलेल्या एमएच पासिंगच्या गाडीशी करू नये. ती आपल्या नावावर करताना महाराष्ट्राचा कर भरावा लागणार असेल, तर तो आधी किमतीतून वजा करावा. "जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो," असे सांगून कोणी सहा लाखांवर लाखभर मागत असेल, तर तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावरच आहे आणि दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर नाही, हे त्याला शांतपणे सांगावे.

पैसे दिले, पण आर. सी.वर लीजची नोंद तशीच आहे

आर. सी.वर लीजची नोंद असेपर्यंत, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे, लीज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणून अशी गाडी घेताना ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा थेट लीज कंपनीच्या खात्यात भरावा, तिचे ना हरकत पत्र आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा फॉर्म ३५ (लीजची नोंद काढण्याचा अर्ज) हातात आल्यावरच उरलेली रक्कम विकणाऱ्याला द्यावी आणि त्यानंतर मालकी बदलाचे फॉर्म २९ व ३० भरावेत. माझी स्वतःची लीजची गाडी मी मुदत संपल्यावर विकत घेतली, तेव्हा ना हरकत पत्रातील इंजिन क्रमांकात एक अंक चुकला होता. तो दुरुस्त होऊन नोंद निघेपर्यंत चार महिने गेले आणि तोवर ती गाडी विकायची म्हटले तरी विकता आली नसती. ते पत्र हातात पडताच चासी आणि इंजिन क्रमांक आर. सी.शी अंकागणिक ताडून पाहावेत, आणि तेही लीज कंपनीच्या कार्यालयातून बाहेर पडण्यापूर्वी.