जुना कॅमेरा घ्या, पण मालकीसकट

शटर काउंट (कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा), लेन्समधली बुरशी, ओरखडे तुम्ही बघालच. बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर मूळ बिलाशी ताडून पाहा. विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो घ्या. पैसे यूपीआयने द्या, रोख नको.

खरी मेख पुढे आहे. ‘पूर्ण पैसे मोजले, मला काही माहीत नव्हतं, म्हणजे वस्तू माझी’ असं सांगणारे ढिगाने भेटतात. त्यांचं ऐकू नका. मी ऐकलं होतं. एक लेन्स घेतली आणि महिन्याभरात एक गृहस्थ बिल घेऊन दारात उभे. विकणाऱ्याने ती त्यांच्याकडून लग्नाच्या शूटसाठी भाड्याने नेली होती. लेन्स कॅमेऱ्याला जोडतात त्या माउंटजवळचा सिरियल नंबर बिलाशी आकडा न आकडा जुळला. लेन्स द्यावी लागली.

मालविक्री अधिनियम, 1930 चं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याकडे मालकीच नसेल, तर ती तुम्हालाही मिळत नाही. चोरीचा माल दहा हात फिरला तरी मूळ मालकाचाच. भाड्याने नेऊन परस्पर विकलेल्याचंही तेच. मालकाने स्वतःच विक्रीसाठी डीलरकडे ठेवलेली वस्तू मात्र त्याच्या दुकानातून प्रामाणिकपणे घेतलीत, तर तुमची होते.

फसवणुकीचा माल वेगळा, आणि इथेच सगळे घोळ घालतात. समजा, मालकाने कॅमेरा खरोखर विकला, पण घेणाऱ्याने वटणार नाही हे ठाऊक असलेला चेक दिला. हा करार मालकाला रद्द करता येतो. त्याने तो रद्द करण्याआधी तुम्ही प्रामाणिकपणे, काही कल्पना नसताना कॅमेरा घेतलात, तर कलम 29 नुसार मालकी तुमची. त्याने सोमवारी करार मोडला आणि तुम्ही मंगळवारी घेतलात, तर या कलमाचा आधार गेला. म्हणून पावतीवर तारीखच नाही, वेळही लिहून घ्या.

‘प्रामाणिकपणे’ या शब्दावरही फार विसंबू नका. 90 हजारांची लेन्स 20 हजारांत घेऊन ‘शंकाच आली नाही’ हे पोलिसांना पटवताना घाम फुटतो. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही तो लबाडीने घेतला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 317 लागतं.

वस्तू हातची गेलीच, तर मालविक्री अधिनियमाच्या कलम 14 च्या आधारे विकणाऱ्याकडून किंमत परत मागता येते. माझ्या विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता, आणि ओळखपत्राचा फोटो मी काढलाच नव्हता.