साठ जणांची कोजागिरी: इमारतीत ओळखी व्हाव्यात म्हणून

नव्या इमारतीत राहायला येऊन वर्ष उलटतं, तरी वरच्या मजल्यावर कोण राहतं ते ठाऊक नसतं. आश्विन पौर्णिमेला गच्चीवर दूध आटवायला घ्या. दूध सतत ढवळावं लागतं, आणि त्या निमित्ताने माणसं शेगडीपाशी उभी राहून बोलू लागतात.

निमंत्रण घरोघरी जाऊन द्या. भाडेकरू सभासद नसल्याने सोसायटीच्या नोटिसांतून हटकून सुटतात. आधी त्यांचं दार वाजवा. वॉचमन आणि सफाईच्या मावशींनाही बोलवा. घरात माणसं किती ते लिहून घ्या, पेले ज्याचे त्याने आणावेत.

माणशी 150 मिली धरलं तर 60 जणांना 9 लिटर लागतं. म्हणून म्हशीचं 11 लिटर दूध घ्या. त्या दिवशी डेअरीत झुंबड असते, दोन दिवस आधी सांगून ठेवा. घरातलं उरलेलं शिळं दूध त्यात ओतू नका, सगळं नासेल. पातेलं जाड बुडाचं, 18-20 लिटरचं हवं. दूध ओतण्याआधी आतून पाण्याने ओलं करा.

शेगडी जिन्याच्या भिंतीच्या आडोशाला मांडा. उघड्या वाऱ्यात ज्योत भरकटते आणि दूध आटता आटत नाही. साडेसातला सुरुवात करा. उकळी आली की आच मध्यम ठेवा.

आता मुख्य गोष्ट: ढवळायच्या पाळ्या. पंधरा-पंधरा मिनिटांच्या, दोघादोघांच्या, आणि जोडी वेगवेगळ्या मजल्यांवरची. नवरा-बायको एका पाळीत नकोत. उलथनं बुडाला टेकवून फिरवायला सांगा. वरवर ढवळलं की दूध खाली लागतं. करपल्याचा वास आलाच तर बूड अजिबात खरवडू नका, वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा.

साधारण 9 लिटर उरलं की मधुमेहींसाठी बिनसाखरेचं वेगळं काढा. उरलेल्यात पाऊण किलो साखर घाला. ती आधी घातली तर दूध लवकर लागतं. बदाम-पिस्ते 100-100 ग्रॅम, चारोळी 50, वेलची 10 ग्रॅम, अर्धं जायफळ. केशर गरम दुधात खलून शेवटी.

सतरंज्या गोलात घाला. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की ज्याचं त्याचं कुटुंब एका कोपऱ्यात बसतं. दूध वाटायचं काम मुलांना द्या, वाटताना प्रत्येकाचं नाव विचारायला सांगा. भेंड्या खेळायच्या तर सम मजले विरुद्ध विषम मजले.

उठण्याआधी वही फिरवा: नाव, खोली क्रमांक, आणि ज्यांची हरकत नसेल त्यांचा फोन. शिडी कोणाकडे आहे, रात्री-अपरात्री गाडी कोण काढू शकेल, हेही त्यातच लिहून घ्या.